‘कोनता गावना?’ ते ‘कोनती गाडी?’

खान्देशात अनोळखी माणसाला पहिला प्रश्न गावाचा असतो. धुळे-नंदुरबारकडे अहिराणीत ‘कोनता गावना?’, जळगाव-रावेरच्या बाजूला ‘कुठले भो तुम्ही?’. दुसरा प्रश्न आडनावाचा. तिसऱ्याची गरज सहसा पडत नाही. गाव आणि आडनाव जुळलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात जात, भाऊबंदकी, सोयरीक आणि कोणत्या पुढाऱ्याची माणसं, हे सगळं आपोआप मांडलं जातं.

मोटरसायकलवाल्यांच्या ऑनलाइन क्लबमध्ये माणसं एकमेकांचे नंबर ‘यझदी पारोळा’, ‘आरएक्स चोपडा’, ‘क्लासिक शहादा’ अशा नावांनी साठवतात. ज्याच्यासोबत दोन पावसाळे तोरणमाळ केला, त्याचं आडनाव लग्नपत्रिका हातात आली तेव्हा कळलं, असं सांगणारे मला भेटले आहेत. गाव राहिलं, आडनाव गळालं, त्याच्या जागी गाडी आली. ही अदलाबदल इतर कुठे किरकोळ वाटेल. आमच्याकडे ती व्हायला पन्नासेक वर्षं लागली, आणि अजून ती पुरी झालेली नाही.

मोटरसायकल इथे आली ती कामाला आली. सरकारनं लष्करासाठी बुलेट मागवल्या, त्यातून १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडियाचा कारखाना सुरू झाला. म्हैसूरला आयडियल जावानं १९६१ च्या सुमारास जावा बनवायला घेतली, १९७३ पासून तिची यझदी झाली. पण खेड्यात खरी रुळली ती एस्कॉर्ट्सची १७५ सीसीची राजदूत. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन, मागे वैरणीचा भारा, आणि त्यावर कधीकधी माणूस. काळ्या मातीच्या रस्त्यात स्कूटरची लहान चाकं रुतायची, शिवाय स्कूटरचा नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागे. मग मोटरसायकल, आणि ती परवडत नसेल तर १९७२ पासून आलेली लूना, पुढे बजाजची एम-एटी. एम-एटीवर खताची दोन पोती नेणारा माणूस पाहिलेला नाही असा खान्देशी सापडायचा नाही.

आमच्या घरी राजदूत आली ती कापसाच्या पैशातून. तिच्यावर वडील तालुक्याला जायचे, बियाणं आणायचे, आजारी माणसाला न्यायचे. ‘जरा फिरून येतो’ म्हणून गाडी काढली की ठरलेलं वाक्य यायचं: ‘पेट्रोल काय झाडले लागस का?’ बैलाला कोणी फिरायला नेत नाही, तसंच गाडीलाही नाही. गाडी घराची होती, चालवणाऱ्याची नव्हती. लग्नाच्या बोलणीत तर ती पोराच्या किमतीचाच भाग असायची. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, पण गाडीला ‘प्रेमाची भेट’ म्हटलं की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी निवांत व्हायची. क्लबच्या गप्पांमध्ये आपापल्या पहिल्या गाडीच्या आठवणी निघतात तेव्हा हा भाग सगळे हळूच वगळतात. मीही वगळत आलोय.

१९८५ साली दोन गाड्या बाजारात आल्या आणि घराघरांत भांडण लागलं. एक हिरो होंडाची सीडी १००, दुसरी यामाहाची आरएक्स १००. सीडी फोर-स्ट्रोक, पेट्रोल पुरवून पुरवून पिणारी, बापाच्या मनासारखी. आरएक्स टू-स्ट्रोक, तिच्या पेट्रोलबरोबर ऑइलही जळायचं, पण पिळली की सुटायची. एकाच घरात बाप सीडीकडे आणि पोरगा आरएक्सकडे, हे दृश्य त्या दशकात गावोगाव होतं. बहुतेक ठिकाणी बाप जिंकला. आज आरएक्सच्या ग्रुपमध्ये पन्नाशीचे जे लोक दिसतात, त्यांतले कितीतरी त्या हरलेल्या पोरांपैकी आहेत.

क्लब हा शब्द त्या वेळी नव्हता, पण जागा होती: मिस्तरीचं गॅरेज. जुन्या बुलेटला किक मारणं हा एक विधी असायचा. इंजिनातला दाब सोडणारा डिकंप्रेशनचा खटका दाबायचा, किक हळू खाली न्यायची, ॲम्पिअरचा काटा मधोमध आला की खटका सोडायचा आणि मग अंगाचं वजन टाकायचं. चुकलं तर किक उलटी पायावर यायची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्याला. यझदीची तऱ्हा त्याहून निराळी, किकचा दांडा तोच गिअरचा दांडा. हे सगळं पुस्तकात नव्हतं, मिस्तरीच्या तोंडी होतं. म्हणून रविवारी सकाळी त्याच्या दारात काम नसलेली चार माणसं उभी असायची. अमळनेर, चाळीसगाव, भुसावळ, प्रत्येक गावात असा एक बुलेटचा मिस्तरी आणि त्याचा एक दरबार. भुसावळच्या दरबारात रेल्वेतली माणसं जास्त, कारण पगार ठरलेला आणि यंत्राची सवय. अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांच्या गाड्यांच्या गोष्टी तिथे मी ऐकल्या आहेत, त्यांतल्या किती खऱ्या ते गाडीच जाणे.

१९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला, त्याच साली आरएक्स १०० चं उत्पादनही थांबलं. पुढे धुराचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मोटरसायकल बाजारातून गेली. बुलेटची स्थितीही बरी नव्हती, २००० च्या सुमारास कंपनीच्या महिन्याला दोनेक हजार गाड्या जेमतेम खपत होत्या. स्प्लेंडर, आणि २००१ नंतर पल्सर, यांनी गावं भरून टाकली. मिस्तरींनी नव्या गाड्या शिकून घेतल्या. ज्यांनी घेतल्या नाहीत त्यांचे दरबार उठले.

ऑनलाइन क्लब या उठलेल्या दरबारांच्या जागेवर उभे राहिले, असं माझं मत आहे. जुन्या गाडीच्या मालकाला माणसं हवी होती ती आधी मैत्रीसाठी नव्हे, सुट्या भागांसाठी. यझदीचा कार्ब्युरेटर, आरएक्सचा मूळ सायलेन्सर, जुन्या बुलेटचं डायनमो हे जळगावच्या दुकानात मिळेना. इंजिनीअरिंगला पुण्याला गेलेल्या पोरांनी तिथले बुलेटवाल्यांचे क्लब पाहिले होते. त्यांनी सायबर कॅफेत बसून ऑर्कुटवर गाडीच्या नावाच्या कम्युनिटी धुंडाळल्या. ऑर्कुट २००४ ला आलं, २०१४ ला बंद झालं. त्या दहा वर्षांत एखादा खान्देशी पोरगा बंगळूरच्या यझदीवाल्याला इंग्रजीत अडखळत पार्ट विचारतोय आणि तो कुरिअरनं पाठवतोय, ही नवलाची गोष्ट होती. पैसे आधी की पार्ट आधी, हा प्रश्न दोघांनीही न विचारणं हे त्याहून मोठं नवल. उसनवारी भावकीत आणि उधारी ओळखीच्या दुकानात, एवढंच ठाऊक असलेल्या मुलखात हा विश्वास नवा होता.

पण तोवर सगळं शहरातल्या पोरांपुरतं होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि केळीच्या बागेत बसलेला माणूसही ग्रुपमध्ये आला. त्याच वर्षी व्हॉट्सॲपनं ग्रुपची मर्यादा १०० वरून २५६ केली. मर्यादेची ही गोष्ट तांत्रिक वाटते, पण क्लबांच्या इतिहासात तिला भाऊबंदकीच्या वाटणीचं महत्त्व आहे. २५६ भरले की दुसरा ग्रुप काढावा लागे, मग पहिल्यात कोण आणि दुसऱ्यात कोण? जुने सभासद पहिल्यात, राइडला न येणारे दुसऱ्यात, असं ठरलं की दुसऱ्यातले रुसायचे. त्यांतून वेगळे क्लब निघाले, त्यांचे वेगळे टी-शर्ट निघाले. २०२२ मध्ये मर्यादा आधी ५१२ आणि मग १०२४ झाली, तोवर फूट पडून गेली होती. शेताचा बांध नंतर हलवला तरी बोलचाल लगेच सुरू होत नाही.

क्लबांचं बाह्य रूप परदेशी आहे हे खरं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटरसायकल क्लब फोफावले, १९४७ साली कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावी चार जुलैच्या मेळाव्यात गोंधळ झाला आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी दांडगटांचं चित्र रंगवलं. जॅकेट, पाठीवरचा पॅच, पदांची उतरंड हे सगळं तिकडून. १९८३ मध्ये हार्लेनं स्वतःचीच मालकमंडळी काढली, म्हणजे दांडगटपणा वजा करून उरलेलं दुकानात ठेवलं. आपल्याकडे बुलेट बनवणाऱ्या रॉयल एनफिल्डनं गोव्याच्या मेळाव्यातून आणि हिमालयाच्या सफरींतून तेच केलं. २००९ ची क्लासिक ३५० चालली आणि २०१७-१८ पर्यंत कंपनीच्या गाड्या वर्षाला ८ लाखांच्या वर गेल्या. नव्या बुलेटवाल्यांना क्लब गाडीसोबत मिळाल्यासारखा झाला.

आतला सांगाडा मात्र मला फार जुना आणि घरचा वाटतो. चैत्रात खान्देशातून लाखो माणसं सप्तशृंगीला पायी जातात. गावागावाची पदयात्रा मंडळं असतात. पुढे झेंडा, मागे पाण्याचा आणि औषधाचा टेम्पो, मुक्काम ठरलेले, मंडळाच्या नावाचे एकसारखे सदरे किंवा टोप्या. कोणी मागे पडला तर शेवटचा माणूस त्याच्यासोबत थांबतो. आता राइडची रचना बघा. पुढे लीड, सगळ्यात मागे स्वीप, त्यामागे बॅकअप गाडी, चहाचे थांबे ठरलेले, टी-शर्ट एकसारखा. स्वीपनं कोणाला मागे टाकून पुढे जायचं नाही हा नियम कोणालाही समजावून सांगावा लागत नाही, कारण तो आजीकडून कळलेला असतो. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास घुटमळतो, म्हणून राइडही पदयात्रेसारखी पहाटे निघते आणि दहाच्या आत सावली गाठते. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी, शेंगदाणे आणि कांद्याची पात घातलेलं भरीत आणि पुरी, मग सातपुड्यातल्या पालहून किंवा चाळीसगावजवळच्या पाटणादेवीकडून परत.

तशीच दुसरी मुळं सारंगखेड्याला. दत्तजयंतीला तापीच्या काठी घोड्यांचा बाजार भरतो, राजस्थान-पंजाबपासून जनावरं येतात. विकत काही न घेणारे शेकडो लोक घोड्याचे दात, खूर, भोवरे पाहत फिरतात आणि मत देतात. अलीकडे त्याच्या जोडीला चेतक फेस्टिव्हल होतो. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-यझदीवाले जमतात, तेव्हा टाकीचं क्रोम, इंजिनवरचा नंबर, सायलेन्सरची जोडी तपासत फिरणारी माणसं पाहिली की मला सारंगखेडाच आठवतं. बैल कामाचा असतो, घोडा हौसेचा असतो. मोटरसायकल बैलाच्या रांगेतून घोड्याच्या रांगेत गेली, ती या क्लबांमुळे.

सभासदाला यातून काय मिळतं, याचं उत्तर गाव सोडून गेलेल्यांकडे स्पष्ट मिळतं. खान्देशातला माणूस पोटासाठी सुरतला जातो, उधना आणि लिंबायतला अहिराणी रस्त्यावर ऐकू येते. नाहीतर नाशिकला जातो, नाहीतर चाकण-भोसरीला. तिथे तो कोणत्या गावचा हे कोणाला सांगून उपयोग नसतो. पण सिग्नलला शेजारी एमएच १८, १९ किंवा ३९ ची, म्हणजे धुळे, जळगाव किंवा नंदुरबारची गाडी लागली की हेल्मेटची काच वर करून दोन शब्द होतात, आणि अर्ध्या वेळा दोघं एकाच ग्रुपमध्ये निघतात.

३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे कन्नड घाटात दरडी कोसळल्या, चाळीसगावात पूर आला. पुण्या-औरंगाबादहून निघालेल्यांना कोणत्या रस्त्यानं यायचं हे टीव्हीच्या आधी ग्रुपवर कळत होतं. धुळे-जळगावच्या जुन्या सहा नंबर हायवेचं चौपदरीकरण रखडलेलं होतं त्या वर्षांत खड्ड्यांचे फोटो किलोमीटरच्या दगडासकट यायचे. रात्री अकराला एरंडोलजवळ चेन तुटली तर धरणगावचा माणूस येतो. तो कोणाचा, हे विचारत नाही. रक्त हवं असेल तर गट विचारतो, एवढंच.

हे सगळं गोडगोड नाही. निवडणुकीच्या दिवसांत आडनावं मागच्या दारानं परत येतात, रॅलीत कोणता झेंडा लावायचा यावरून ॲडमिनला ग्रुपला कुलूप लावावं लागतं. फटाक्यासारखा आवाज काढणारे सायलेन्सर लावून गावातून जाणाऱ्यांमुळे सगळ्यांना शिव्या बसतात, आणि पोलिसांनी ते रोलरखाली चिरडले तेव्हा मला तरी वाईट वाटलं नाही. बायकांची नावं ग्रुपमध्ये दिसतात, राइडला क्वचित. घराची गाडी चालवणाऱ्याची झाली खरी, पण घरातल्या एकाचीच.

२०१८ मध्ये जावा हे नाव बाजारात परत आलं, २०२२ च्या जानेवारीत यझदीही. जुन्या ग्रुपमध्ये नव्या यझदीला घ्यायचं की नाही यावर वाद झाले. किकच नाही तिला, हा जुन्यांचा मुख्य आक्षेप. शेवटी घेतलं, कारण आलेला पोरगा ज्याच्या मुलाच्या वयाचा होता त्यानंच शब्द टाकला.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ग्रुपवर गाड्यांचं बोलणं बंद होतं. सुरतहून, चाकणहून, नाशिकहून माणसं निघालेली असतात, मागे बायको, पुढच्या टाकीवर पोरगं, हँडलला पिशवी. गाडी पुन्हा बैल झालेली असते. नवापूर, लळिंग, चाळीसगाव अशी ठिकाणं एकामागून एक येत राहतात, आणि खाली कोणीतरी विचारतं, ‘पोचना का?’ उत्तर यायला कधी तास लागतो, कधी दोन. मग येतं: ‘पोचनू.’