पुण्याले नाही, पिंपरी-चिंचवडले

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे कोणाचं पोट्टं बॅग घेऊन ट्रॅव्हल्समध्ये चढलं की लोक म्हणतात, पुण्याले गेला. पण गाडीतला पोरगा तिकीट पाहताना विचारतो, "वाघोली, नाशिक फाटा का निगडी?" आणि आपल्या आयटीआयवाल्या पोरांपैकी कितीतरी जण नाशिक फाटा नाहीतर निगडी सांगतात. म्हणजे ते पुण्यात नाही, पिंपरी-चिंचवडमध्ये राहायला जाऊन राहिले. त्या शहराची महापालिका वेगळी आहे, जडणघडण वेगळी आहे, आणि ते शहर आपल्यासारख्याच गावांच्या वावरांवर उभं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुळात ही साधी खेडी. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि मधात फुगेवाडी, कासारवाडी, काळेवाडी अशा वाड्या. चिंचवड तेवढं आधीपासून नावाजलेलं, पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे आणि १८९७ मध्ये प्लेगच्या वेळच्या इंग्रज अधिकारी रँडला मारणारे चापेकर बंधू तिथलेच. बाकी सगळी शेती. फक्त मुंबई-पुणे रेल्वे आणि मुंबईचा रस्ता दोन्ही इथून जायचे, पुढं त्याचाच फायदा झाला.

फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी पिंपरीत पडली, त्या भागाला अजूनही पिंपरी कॅम्प म्हणतात. मग १९५४ साली केंद्र सरकारनं तिथं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं, आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिन बनायला लागलं. मला हे फार मोठं वाटते. आज सगळे या शहराला गाड्यांचं शहर म्हणतात, पण त्याची सुरुवात औषधापासून झाली, तेही सरकारी कारखान्यातून, ज्या काळात साध्या जखमेत पू होऊन माणसं दगावायची.

खरा वेग आला १९६२ मध्ये एमआयडीसी, म्हणजे सरकारचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाल्यावर. मुंबईत गर्दी मावत नव्हती, कारखाने बाहेर न्यायचे होते, मग सरकारनं जमिनी संपादन केल्या, रस्ते केले, पाणी आणलं, प्लॉट पाडले. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आली, बजाजची स्कूटर आकुर्डीत बनायला लागली. आणि एक मोठी कंपनी आली की ती एकटी येत नाही भाऊ, तिला नट-बोल्ट लागतात, गिअर, स्प्रिंग, कास्टिंग, पेंटिंग लागते, ते करणारे लहान लहान शेड भोसरीत उभे राहिले, एका शेडात दोन लेथ आणि चार माणसं, आणि त्यातल्या एखाद्यानं दहा वर्षं काम शिकून स्वतःचं शेड टाकलं. आपल्याकडे हेच झालं नाही. कितीतरी तालुक्यांत एमआयडीसीचा बोर्ड आहे आणि मागं बाभळी. कापूस आपला, पण सरकी काढून गठाण बांधली की माल बाहेर, पुढचं सगळं काम दुसरीकडे.

१९७० मध्ये त्या चार गावांची नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. पैसा आला जकातीतून. शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावर नाक्यावर जकात लागायची, आणि कारखान्यांना लोखंड रोजच लागते, त्यामुळं ही महापालिका श्रीमंत झाली, तिथले रुंद रस्ते त्याच पैशातले. २०१३ मध्ये जकात बंद झाली. लोकसंख्या १९७१ ला लाखाच्या आत होती, २०११ ला १७ लाखांवर गेली. एवढी माणसं तिथं जन्मली नाहीत, ती विदर्भातून, मराठवाड्यातून, बिहार-यूपीतून आली.

जमीन गेली त्यांचं मात्र कोणी फार सांगत नाही. १९७२ मध्ये कामगारांना घरं मिळावी म्हणून प्राधिकरण स्थापन झालं, त्यासाठी शेतकऱ्यांची जमीन घेतली आणि घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के जमीन परत मिळावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं चकरा मारल्या. पाण्याचंही तसंच. पवना धरणातून शहरापर्यंत बंद पाइपलाइन नेण्याला मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध होता, ९ ऑगस्ट २०११ ला एक्स्प्रेस वेवर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, तीन जण मेले. शहर वाढते ते कोणाच्या तरी पाण्यावर वाढते, हे आपण धरणाखाली गाव गेलेले लोक बरोबर समजू शकतो.

आणि जुने कारखानेही तसेच राहिले नाहीत. आकुर्डीतलं बजाजचं उत्पादन २००७ मध्ये थांबलं, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सही आजारी पडली, गाड्यांचं नवं काम चाकणकडे सरकलं. आधी पोरगा लागला की काही वर्षांत परमनंट व्हायचा, घर घ्यायचा, आईबापाले तिकडे न्यायचा. आता ठेकेदार, ट्रेनी, सात महिने काम आणि मग ब्रेक, म्हणजे परमनंट व्हायचा प्रश्नच नाही.

माझ्या काकाचा पोरगा टर्नर आहे, बारा वर्षं झाली तिकडे, आतापर्यंत पाच ठेकेदार बदलले. कॉट बेसिसवर राहायचा तेव्हा एका खोलीत सहा जण, दिवसपाळीवाला उठला की त्याच गादीवर रातपाळीवाला झोपायचा. पोळ्याला आला होता तेव्हा बैलाच्या शिंगांना बेगड लावताना त्याच्या बोटांकडे पाहिलं, नखांच्या कडा काळ्या, साबणानं घासूनही निघत नाही, हाताला कुलंटचा, म्हणजे मशीन थंड ठेवायच्या तेलपाण्याचा वास. काकू म्हणे, "आमच्या हाताले बोंडं टोचते, याच्या हाताले लोखंड." तरी तो तिथल्या कामाबद्दल बोलायला लागला की थांबत नाही, मायक्रॉनमध्ये माप कसं घेतात ते काडीनं मातीत काढून दाखवते. असा हात आपल्या तालुक्यात काम करायला हवा होता, हे मला मनापासून वाटते.

यंदा त्याच्या पाठचा भाऊ जाऊन राहिला. पिशवीत तुरीची डाळ, तिखटाची बरणी आणि प्लास्टिकच्या फायलीत आयटीआयचं सर्टिफिकेट. तिकीट निगडीचं काढलं.