आमेन

आमेन हा ख्रिस्ती प्रार्थनेच्या शेवटी म्हणायचा शब्द. मूळचा हिब्रू, आणि अर्थ थोडक्यात सांगायचा तर कधी "हे खरं आहे" आणि कधी "असंच होवो". बऱ्याच लोकांना, अगदी लहानपणापासून चर्चला जाणाऱ्यांनाही, वाटतं की आमेन म्हणजे प्रार्थना संपली, आता डोळे उघडा. तसं नाहीये. आमेन हा मुळात ऐकणाऱ्याचा शब्द आहे, एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी आमेन म्हणून त्यावर आपली सही करायची.

मराठीत समजावताना पटकन "तथास्तु" म्हटलं जातं, पण त्यात एक गफलत होते. तथास्तु देणारा म्हणतो, देव म्हणतो, ऋषी म्हणतात, घरात वाईट बोलू नये कारण वास्तू तथास्तु म्हणते असं आपली आजी सांगते. आमेन मात्र मागणारे म्हणतात. दिशाच उलटी आहे.

हिब्रूत हा शब्द ज्या धातूपासून येतो त्याचा अर्थ स्थिर असणं, भक्कम असणं, भार पेलणं. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकात (२२ वा अध्याय) पक्क्या जागी ठोकलेली खुंटी येते, जिच्यावर घरातली सगळी भांडीकुंडी टांगायची, तिथे "पक्क्या" साठी जो शब्द आहे तो याच धातूचा, आणि बायबलमध्येच दुसरीकडे तान्ह्या बाळाला उराशी धरून नेणारा सांभाळकर्ता येतो, त्याला वापरलेला शब्दही याच घरातला. विश्वास, भरवसा यांचे हिब्रू शब्दही इथूनच निघतात. म्हणजे आमेन म्हणणारा माणूस सांगतोय की हा शब्द भार पेलेल, मी याला माझं ओझं टांगतो.

जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागात, आमेन नेहमी गोड प्रसंगीच येतो असं नाही. तिथल्या "अनुवाद" नावाच्या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात लेवी लोक, म्हणजे उपासनेची सेवा करणारा वंश, एकेक शाप मोठ्याने उच्चारतात, आंधळ्याला वाट चुकवणाऱ्याला शाप, परक्याचा, अनाथाचा, विधवेचा न्याय बिघडवणाऱ्याला शाप, आणि प्रत्येक शापानंतर सगळ्या लोकांनी आमेन म्हणायचं, असं १२ वेळा. इथे आमेन म्हणजे कबुली, मी असं वागलो तर हे माझ्यावर येवो. जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी याचं "असं होवो" केलं, आणि तिथून इच्छेचा अर्थ वरचढ झाला, खात्रीचा अर्थ जरा मागे पडला असं मला वाटतं.

येशूने या शब्दाचं जे केलं ते सगळ्यात वेगळं आहे. तो आमेन शेवटी नाही, सुरुवातीला म्हणतो, आणि दुसऱ्याच्या नाही तर स्वतःच्याच बोलण्याला म्हणतो. योहानाच्या शुभवर्तमानात तर जोडीने, "आमेन, आमेन, मी तुम्हांला सांगतो", असं २५ वेळा. मराठी बायबल वाचणाऱ्यांना हे लगेच लक्षात येत नाही कारण आपल्याकडे तिथे "मी तुम्हांला खचित खचित सांगतो" असं छापलेलं असतं, आणि ते "खचित खचित" म्हणजेच आमेन आमेन. भाषांतर सुंदर आहे, कानात बसलंय, पण त्यामुळे एकच शब्द दोन ठिकाणी आहे हे झाकलं जातं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात (३:१४), तर "आमेन" हे ख्रिस्ताचं नावच म्हणून येतं, विश्वसनीय आणि खरा साक्षी.

पहिल्या शतकांतल्या मंडळींनी हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला, ग्रीकमध्ये, लॅटिनमध्ये, सिरियाकमध्ये. साधारण १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन हा ख्रिस्ती लेखक सम्राटाला आपल्या उपासनेची माहिती देताना लिहितो की पुढारी आभार मानतो आणि सगळे लोक आमेन म्हणतात. चौथ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान जेरोम म्हणतो, रोममधल्या चर्चमध्ये आमेन मेघगर्जनेसारखं घुमतं.

कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, या शब्दाचं वजन बघायचं असेल तर कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, रांगेत बघावं. माणसं हळूहळू पुढे सरकतात, एका तळहातावर दुसरा तळहात ठेवलेला, फादर पवित्र भाकर जराशी वर धरून म्हणतात "ख्रिस्ताचं शरीर", आणि समोरचा म्हणतो "आमेन". एवढंच. कुणी पुटपुटतं, एखादी म्हातारी बाई अगदी स्पष्ट म्हणते. ऑगस्टीन या बिशपने आपल्या लोकांना सांगितलं होतं की ख्रिस्ताचं शरीर तुम्हीच आहात, तेव्हा असे जगा की तुमचं आमेन खरं ठरेल.

हा शब्द ख्रिश्चनांच्या एकट्याचा नाही हेही सांगायला हवं. ज्यूंचा तो आधीपासूनचा, आपल्या कोकणातले बेने इस्राएल घरी मराठी बोलत आले आणि सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, आमेन म्हणत आले. तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात अलेक्झांड्रियाच्या एका सिनेगॉगचं वर्णन आहे, इतकं प्रचंड की मागच्यांना आवाज पोचायचा नाही, म्हणून मधोमध लाकडी चौथऱ्यावर एक जण कापड घेऊन उभा राहायचा आणि आमेनची वेळ आली की ते फडकवायचा. घाईचं, तुटकं आणि "पोरकं" आमेन म्हणू नये असाही तिथे नियम आहे, पोरकं म्हणजे मूळ आशीर्वाद न ऐकताच म्हटलेलं. मुसलमानांचं आमीन हे याच शब्दाचं रूप, फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, म्हणून झाल्यावर म्हटलं जातं, जरी ते कुराणाच्या मजकुराचा भाग नाही.

आज आमेन प्रार्थनेबाहेरही भरपूर चालतं. पास्टर प्रवचनात मधेच "आमेन?" विचारतात आणि लोक "आमेन!" म्हणून उत्तर देतात, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाच्या ऑपरेशनसाठी प्रार्थनेची विनंती आली की खाली एकामागून एक आमेन टाइप होत जातात, आणि हा वापर उथळ आहे असं मला अजिबात वाटत नाही, तो जुन्या अर्थाच्या जवळचाच आहे, एकाचं मागणं सगळ्यांनी उचलणं.

एक बारीक गोष्ट राहिली. मिस्सामध्ये प्रभूच्या प्रार्थनेनंतर, म्हणजे येशूने स्वतः शिकवलेल्या प्रार्थनेनंतर, आमेन म्हणत नाहीत. घरी, शाळेत, प्रोटेस्टंट उपासनेत म्हणतात, पण मिस्सामध्ये फादर तीच प्रार्थना पुढे चालू ठेवतात, मग लोक "राज्य, सामर्थ्य आणि गौरव" वाली ओळ म्हणतात, मग शांतीसाठीची प्रार्थना, आणि ती झाल्यावरच सगळ्यांचं आमेन येतं.