तंत्रविकास आणि औद्योगिक उत्पादन : सातारा–सांगली

विकसनशील देशात नवे तंत्र बहुधा बाहेरून येते. त्याने उत्पादन किती वाढेल हे केवळ यंत्रावर ठरत नाही. ते जवळपास दुरुस्त होते का, सुटे भाग मिळतात का आणि गिऱ्हाइकाला परवडते का, यावरही ठरते. पुणे–मिरज लोहमार्गालगतच्या कारखानदारीत हे चांगले पाहायला मिळते.

औंध संस्थानने दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना हलवला; तीच आजची किर्लोस्करवाडी (ता. पलूस, जि. सांगली). लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत असल्याने त्यांचे पहिले लोखंडी नांगर बराच काळ पडून होते. नांगराची कल्पना परदेशी, पण ओतकाम इथले. फाळ झिजला तर तेवढाच बदलायचा, अख्खा नांगर नव्हे. विक्रीला जाहिरातीपेक्षा याचाच हातभार अधिक लागला असावा. पुढे इथेच पंप बनू लागले. याच लोहमार्गावरच्या सातारा रोड या स्टेशनाच्या गावी उद्योजक कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिने तयार होऊ लागली, आणि विहिरीवरची मोट मागे पडत गेली.

नवे तंत्र जुन्याची बाजारपेठ काढूनही घेते. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ मध्ये काच कारखाना उभा राहिला. तिथला ‘प्रभाकर’ कंदील परदेशी कंदिलाला तोड देणारा ठरला आणि घरोघर पोचला. १९६२ पासून कोयनेची वीज मिळू लागली, पुढे खेडोपाडी खांब उभे राहिले. त्याच विजेने मोटारपंपांची मागणी वाढवली आणि कंदिलाची घटवली. वीज सातारा जिल्ह्यातल्या पाण्याची, आणि तिची झळ त्याच जिल्ह्यातल्या कारखान्याला! तंत्रविकासाचा हिशेब मांडताना ही खर्चाची बाजू सहसा गाळली जाते. ओगलेवाडीचा कारखाना कालांतराने बंद पडला.

साखर उद्योगात चित्र आणखी वेगळे आहे. पूर्वी मळी म्हणजे विल्हेवाटीची डोकेदुखी. आता तिच्यापासून इथेनॉल होते. चिपाडाच्या बॉयलरवर कारखाना चालून उरलेली वीज विकता येते. गाळप संगणकावर नियंत्रित होते. ऊस मात्र अजून मुख्यतः कोयत्यानेच तुटतो, बीडकडून आलेल्या टोळ्यांच्या हातांनी. तोडणी यंत्राला लांब, सलग आणि रुंद सरीचे रान लागते. कृष्णाकाठी वाटण्या होऊन तुकडे झालेल्या शेतात ते वळवायलाच जागा पुरत नाही. त्यामुळे गाळपक्षमता कितीही वाढवली, तरी टोळ्या वेळेवर आल्या नाहीत तर हंगाम लांबतो, आणि उशिरा तुटलेल्या उसाचे वजन व साखरेचा उतारा दोन्ही घटतात.