अर्धा मोडेम सीडीवर

२००१ साली गिरगावातल्या आमच्या घरी फोनची लाइन एक, कॉम्प्युटरही एकच, पण त्यावर विंडोज आणि लिनक्स या दोन ऑपरेटिंग सिस्टीमचे दोन संसार. विंडोजमध्ये मोडेम, म्हणजे फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटर इंटरनेटला जोडणारं यंत्र, कुरकुरत का होईना, जोडला जायचा. लिनक्समध्ये त्याचा पत्ताच नाही. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने मोडेमचं कार्ड उलटंपालटं केलं. ‘विनमोडेम आहे हा. स्वस्तातला हवा होता ना तुम्हाला?’ कार्डावर मोजून दोन चिप, बाकी पाटी रिकामी.

मोडेमचं खरं काम आकडेमोडीचं. साध्या फोन कॉलमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमधलेच आवाज जातात. तेवढ्यात बसतील असे सूर करून माहिती धाडायची, आणि पलीकडून आलेल्या सुरांतून प्रतिध्वनी, खरखर वजा करून ती परत मिळवायची. महागड्या कार्डावर हे काम स्वतंत्र प्रोसेसर करी. विनमोडेममध्ये ते कॉम्प्युटरच्या सीपीयूवर, म्हणजे मुख्य प्रोसेसरवर, ढकललेलं, आणि ते करून घेणारा ड्रायव्हर, म्हणजे यंत्र चालवणारा प्रोग्रॅम, विंडोजपुरताच लिहिलेला. कार्ड म्हणजे अर्धा मोडेम, उरलेला अर्धा सोबतच्या सीडीवर! विंडोजमध्येही सीपीयू दुसऱ्या कामात गुंतला की हिशोब चुकायचा, वेग घसरायचा, कधी लाइनच तुटायची.

मग एका मित्राचा सीरियल पोर्टला, म्हणजे एकामागून एक बिट नेणाऱ्या कॉम्प्युटरमागच्या खाचेला, लावायचा मोडेम मागून आणला. त्याची आकडेमोड त्याच्याच डबीत. त्याला हुकूम द्यायचे ते हेज कंपनीने १९८१ मध्ये रुळवलेल्या भाषेत. लिनक्समध्ये ‘एटी’ टाइप केलं, एंटर दाबलं, आणि पडद्यावर ‘ओके’ उमटलं. इतका आनंद मला पहिल्या ईमेलनेही झाला नव्हता.

अर्थात बाहेरचा मोडेम लावला म्हणजे सुटलो, असंही नाही. पोर्टचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट ठेवला, तर (सुरुवात-शेवटाच्या खुणा धरून बाइटमागे १० बिट) दर ८७ मायक्रोसेकंदांना एक बाइट येऊन पडतो. पोर्टवर बाइट घेणारी चिप जुनी ८२५० असेल तर तिच्याकडे जागा एकाच बाइटची. सिस्टीमने तो वेळेत उचलला नाही, की पुढचा त्याच्यावर येऊन बसतो आणि पहिला गेला. नंतरच्या १६५५०ए चिपमध्ये १६ बाइट थांबू शकतात. मात्र ही रांग ड्रायव्हरने चालू करावी लागते. त्यामुळे तेच मशीन, तोच मोडेम, तरी एका सिस्टीममध्ये चुका आणि दुसरीत नाहीत, हे शक्य आहे.

आमच्या पोर्टवर नवी चिप होती. विंडोज-लिनक्स दोन्हीकडे वेग जवळजवळ सारखा आला, तेव्हा आधीचा दोष कार्डाचाच, असा निकाल लागला. जुलैत मात्र दोन्हीकडे एकदमच घसरला. रिसीव्हर उचलून एक आकडा दाबला, डायल टोन थांबला, आणि मागे नुसती चरचर ऐकू आली. जमिनीखाली कुठल्या तरी जोडात पाणी शिरलं असणार. यात ना विंडोजचा दोष, ना लिनक्सचा. तक्रार नोंदवून लाइनमनची वाट पाहत बसलो.