पाय ताणले म्हणून दुखापत टळत नाही

‘आधी पाय ताणून घे, नाहीतर दुखापत होईल,’ हे पीटीच्या तासापासून आपल्या कानावर आहे. मग ते तपासूनही पाहिलं गेलं. ऑस्ट्रेलियन लष्करात 1538 नव्या जवानांवर 12 आठवडे एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2000 साली आले. जवळपास निम्म्यांनी सरावाआधी पायाचे सहा स्नायूगट प्रत्येकी 20 सेकंद ताणले, उरलेल्यांनी नाही. पायाच्या दुखापती? ताणणाऱ्यांत 158, न ताणणाऱ्यांत 175. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका किरकोळ. खरा फरक पडला तो दमसासाने: ज्यांची धावण्याची तयारी कच्ची, तेच जास्त जायबंदी झाले.

कारण सरळ आहे. धावणाऱ्यांच्या बहुतेक दुखापती एका झटक्यात होत नाहीत. नडगी, गुडघा, टाच यांच्यावर रोजचा भार साचत जातो. अंतर एकदम वाढवलं की तो झेपत नाही, मग सकाळी कितीही वाका. उलट एकच स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून धरला तर त्याची ताकद थोडा वेळ किंचित घटते.

ताणून बरं वाटतं? खुशाल ताणा. पण वॉर्मअप म्हणून पाच-दहा मिनिटं भरभर चाला, मग हळू पळायला लागा.