‘लग्न केल्यास सेवा समाप्त’: मुख्य सचिवपदापर्यंतचा लांबचा रस्ता

३० जून २०२४ रोजी सुजाता सौनिक यांनी महाराष्ट्राच्या मुख्य सचिवपदाची सूत्रं हाती घेतली. राज्य स्थापन होऊन तेव्हा ६४ वर्षं झाली होती आणि त्या खुर्चीवर बसलेल्या त्या पहिल्याच महिला. त्याच वर्षी जानेवारीत रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या होत्या. दोन्ही वेळा अभिनंदन भरपूर झालं. पण एवढा उशीर का लागला, हे समजून घ्यायचं तर मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरून खूप मागे जावं लागतं.

सुरुवात आपल्या नाशिकपासूनच करता येईल. १८६६ मध्ये तिथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या आणि पुढे ऑक्सफर्डला जाऊन कायदा शिकल्या. १९०४ मध्ये सरकारने त्यांना बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे अज्ञान वारसांच्या व विधवांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात नेमलं. काम होतं पडदानशीन विधवांच्या इस्टेटींचं. पडद्याआडच्या या बायकांशी पुरुष अधिकाऱ्याला समोरासमोर बोलता येत नसे, म्हणून सरकारला बाई हवी होती. जिथे पुरुषाचं पाऊल पडू शकत नाही तेवढीच जागा बाईची, हा विचार तेव्हापासून सरकारी व्यवस्थेत मुरला. आयसीएसचं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सनदी सेवेचं दार तर ब्रिटिश गेले तरी बायकांना उघडलं नाही.

मग संविधान आलं. सरकारी नोकरीत लिंगावरून भेद करता येणार नाही, असं अनुच्छेद १६ ने स्पष्ट लिहिलं. त्यानंतर वर्षभरातच, १९५१ च्या तुकडीत केरळच्या अण्णा राजम जॉर्ज निवडल्या गेल्या. मुलाखत मंडळाने त्यांना परराष्ट्र सेवा किंवा इतर केंद्रीय सेवा घ्या, त्या बायकांना जास्त मानवतील, असं सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही, आयएएसच घेतली. नेमणुकीच्या आदेशातच अट होती: लग्न केल्यास सेवा समाप्त. मद्रास राज्याचे मुख्यमंत्री राजाजी (सी. राजगोपालाचारी) यांनाही महिला अधिकारी जिल्ह्यात धाडणं पसंत नव्हतं. या बाई भांडून होसूरला सब-कलेक्टर म्हणून गेल्या आणि घोड्यावरून गावं फिरल्या. पुढे लग्नानंतर अण्णा मल्होत्रा झालेल्या याच अधिकाऱ्याने उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदराच्या उभारणीची धुरा सांभाळली. २०१८ मध्ये मुंबईतच त्यांचं निधन झालं. आपल्या दारातलं एवढं मोठं बंदर त्यांच्या देखरेखीखाली उभं राहिलं, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही याची मला मनापासून खंत वाटते.

लग्नाची ती अट एखाद्या जुनाट अधिकाऱ्याच्या लहरीतून आली नव्हती. १९५४ च्या आयएएस भरती नियमांत ती रीतसर होती: विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्क सांगता येणार नाही, आणि नोकरीत आल्यावर तिने लग्न केलं तर कार्यक्षमतेच्या कारणावरून सरकार तिला राजीनामा द्यायला सांगू शकेल. पुरुषाच्या संसाराने त्याची कार्यक्षमता घटते का, हा प्रश्न नियम लिहिणाऱ्यांना पडला नाही.

तो प्रश्न सी. बी. मुथम्मांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत आलेल्या त्या पहिल्या महिला. तिथल्या नियमांनुसार महिला अधिकाऱ्याला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी लागे. मुथम्मांना बढती नाकारली गेली तेव्हा त्यांनी सरकारवरच दावा लावला. सुनावणी चालू असतानाच सरकारने त्यांना बढती देऊन टाकली, त्यामुळे याचिका निकाली निघाली. पण १९७९ च्या त्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी नियमांमधला भेदभाव उघडा पाडला आणि सगळे सेवानियम तपासून तो पुसून टाका, असं सरकारला बजावलं. माझ्या मते इथे खरं वळण आहे. तोवर लढा एकेकीचा होता, निकालानंतर नियमच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले.

महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. १९९४ मध्ये राज्याचं महिला धोरण आलं, आणि राज्याच्या नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गातल्या जागांमध्ये वाटा मिळाला. आज तहसीलदार, उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक म्हणून तालुक्या-तालुक्यात ज्या मुली दिसतात, त्यामागे हा निर्णय आहे. गावातल्या मुलीने पुण्यात खोली घेऊन एमपीएससीची तयारी करावी, हे घरच्यांना पटू लागलं तेही ताई-मावशीच्या वयाची कुणीतरी साहेब झालेली पाहिल्यावर. केंद्राच्या परीक्षेत मात्र महिलांसाठी राखीव जागा नाहीत, फक्त परीक्षा शुल्क माफ आहे. तरीही २०२२ च्या परीक्षेत निवडलेल्या ९३३ जणांत ३२० मुली होत्या आणि पहिले चारही क्रमांक मुलींचे.

आता अडचण आहे नेमणुकांची. महिला व बालविकास, समाजकल्याण, सांस्कृतिक कार्य ही खाती बाईकडे सहज येतात. गृह, अर्थ, महसूल, नगरविकास यांच्यासाठी मात्र तिची वाट लांबते. बाजूला पडलेल्या खात्यांतल्या अशा नेमणुकांना सरकारी भाषेत ‘साइड पोस्टिंग’ म्हणतात. सोराबजींच्या नेमणुकीतला विचार असा शंभर वर्षांनीही टिकून आहे, फक्त पडद्याची जागा खात्याने घेतली. बढतीच्या वेळी याच नेमणुका मोजल्या जातात: कुठला जिल्हा सांभाळला, कुठलं मोठं खातं चालवलं.

त्यातच सेवाज्येष्ठतेचं गणित सावकाश चालतं. सौनिक १९८७ च्या तुकडीच्या, म्हणजे मुख्य सचिव व्हायला त्यांना ३७ वर्षं लागली. केरळात पद्मा रामचंद्रन आणि मध्य प्रदेशात निर्मला बुच १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्या पदावर पोचल्या होत्या. दिल्लीतलं कॅबिनेट सचिवपद, म्हणजे केंद्रातलं सर्वोच्च सनदी पद, १९५० पासून आहे, तिथे आजवर एकही बाई बसलेली नाही. २०२२ च्या परीक्षेतून आयएएसमध्ये गेलेल्या मुली त्या ज्येष्ठतेला पोचतील तेव्हा २०५५ उलटून गेलेलं असेल. सध्या त्यांच्या हाती प्रांताधिकारी, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हाधिकारी अशा नेमणुका पडण्याची ही वर्षं आहेत.