सिबिलन्स: स-श चं टोचणं

गाणं किंवा बोलणं ऐकताना बाकी आवाज ठीक असतो पण स, श आले की कानात टाचणी टोचल्यासारखं होतं, त्याला ऑडिओवाले सिबिलन्स म्हणतात. कॅसेटचा हिस वेगळा, तो दोन गाण्यांच्या मधल्या शांततेतही सूंऽऽ करत चालूच असतो, सिबिलन्स अक्षरासोबत येतो नि अक्षरासोबतच जातो. लोक दोन्हीला सरसकट खरखर म्हणतात आणि मग भलतंच दुरुस्त करत बसतात.

व्याकरणात श, ष, स हे ऊष्मे. दातांजवळच्या बारीक फटीतून हवा घासत जाते, आणि स चा जोर साधारण ४००० हर्ट्झच्या (सेकंदाला ४००० कंपनं) वरच असतो, श चा त्याच्या खालून सुरू होतो. मराठीत भर म्हणजे आपला 'चमचा'मधला च, जो खरं तर त्स आहे (चहातला नव्हे). "चोराने सासूबाईंचा चांगला चमचा चोरला" एवढं माईकपुढे म्हणून बघा, माईकची लायकी लगेच कळते.

बऱ्याचदा दोष रेकॉर्डिंगमध्येच असतो. कंडेन्सर माईक (स्टुडिओतला नाजूक, बारीकसारीक टिपणारा) तोंडाला चिकटवलेला, त्यातून बरेच माईक वरच्या पट्टीत, म्हणजे उंच, तीक्ष्ण आवाजांत, मुद्दाम जरा उठावदार बनवलेले असतात, वर कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारा) लावला की स अजून पुढे येतो. माईक थोडा तिरका धरला तरी बराच फरक पडतो. नंतर डी-एसर लावतात, तो फक्त स आला की तेवढीच पट्टी दाबतो, पण जास्त दाबला की चांगला गायक बोबडा वाटायला लागतो, आणि हे माझ्या मते टोचण्यापेक्षा वाईट.

एलपीवर, म्हणजे मोठ्या रेकॉर्डवर, वेगळीच गंमत. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्याच वेगाने फिरते, पण बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंमी खाच सरकते आणि आत लेबलजवळ जेमतेम २१, म्हणजे तोच स निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. गोल टोकाची किंवा झिजलेली सुई ती बारीक वळणं पकडू शकत नाही, म्हणून तबकडीच्या प्रत्येक बाजूवरचं शेवटचं गाणं जास्त चरचरतं.

एकाच हेडफोनवर सगळीच गाणी टोचत असतील तर हेडफोनच तिखट आहे, इक्वलायझरवर ६ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल उतरवून बघा, आणि एकच गाणं सगळीकडे टोचत असेल तर नवीन हेडफोनवर पैसे घालवू नका.